फुमिएचं कागदी कुत्रं

माझी बायको फुमिए गेली आणि देव्हाऱ्यात तिच्या फोटोपुढे तिने आजारपणात केलेलं कागदाचं कुत्रं राहिलं. रोज सकाळी तिच्यापुढे भाताची वाटी ठेवताना मला त्या कुत्र्याच्या आत तिचं अक्षर पुसट दिसायचं, पण कागद उलगडायची हिंमत होत नव्हती. मला साध्या टॉवेलची घडीसुद्धा कधी नीट जमली नाही. त्यावरून रोज तिची बोलणी खायचो. हे कुत्रं उलगडलं आणि परत जमलंच नाही तर?

म्हणून शहात्तराव्या वर्षी आमच्या कानाझावा शहरातल्या बालभवनात, पहिलीतल्या मुलांच्या ओरिगामीच्या वर्गात जाऊन बसलो.

शेजारी बसलेली कोहारू माझा कागद बघून खिदळली. "आजोबा, हे कुत्रं नाही, वटवाघूळ झालंय! कान खाली पाडा. दोन्ही सारखे!"

"एक कान दुखत असेल त्याचा."

"बहाणे नकोत. परत करा."

तीन आठवड्यांनी कोहारूने माझं कुत्रं पास केलं. त्या दिवशी घरी आलो, हात धुतले आणि फुमिएचं कुत्रं हळूच उलगडलं. आत लिहिलं होतं, "उघडलंतच ना शेवटी? आता परत घडी घालून दाखवा!"

मी एकेक घडी घातली. कुत्रं तिच्या फोटोपुढे ठेवलं, देव्हाऱ्यातली घंटा वाजवली आणि वाट बघत बसलो.



चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिने चूक काढली नाही.