शेवटच्या सीटपर्यंत

ओट्यावर फोन थरथरला आणि शेजारचं स्टीलचं झाकण खणखणलं. लेकीची वेणी अर्धीच घालून झाली होती. एरवी या वेळी आई घरी नसे. दुपारच्या शाळेसाठी शेजारच्या काकूच तिचे केस विंचरून देत. आज आई लवकर आली म्हणून पोरीची कळी खुलली होती.

आई शाळेच्या बसगाड्यांच्या ऑफिसात कारकून. किल्ल्या सांभाळायच्या, वही भरायची, सकाळी दहाला सुटायचं. पण मुलांना सोडून गाड्या परत आल्या की ती नऊच्या नऊ गाड्यांत चढे, शेवटच्या सीटपर्यंत जाऊन येई. कुणी सांगितलं नव्हतं. स्वभावच तसा. डबे सापडत, स्वेटर सापडत. दोनदा पेंगुळलेली पोरंही सापडली. तिनं ती कडेवर घेऊन वर्गात पोचवली. वही मग उशिरापर्यंत बसून भरायची.

खरं तर ते काम ड्रायव्हरचं. पण चार वर्षांत सगळे आत न चढता खालूनच 'गाडी तपासली' अशी सही ठोकायला लागले होते. "ताई बघतात की!"

काल साहेबांनी तिचा वर्षाचा शेरा सगळ्यांदेखत वाचला. 'जागेवर सापडत नाही.' ती सांगायला गेली, तर म्हणाले, "समाजसेवा करायची तर घरी करा, बाई. इथे नेमून दिलंय तेवढं बघा." कुणीतरी फिसकन हसलं. ड्रायव्हरही तिथेच होते. एकानंही तोंड उघडलं नाही.

आज ती जागेवरून हलली नाही. गाड्या उन्हात ओळीनं लागताना खिडकीतून नुसतं पाहिलं. कुणाला काही बोलली नाही. दहाच्या ठोक्याला निघाली, आणि वाटेत तिला चक्क हलकं वाटलं.

फोनवर तीन नंबरच्या गाडीचा ड्रायव्हर होता. परतीच्या फेरीसाठी त्यानं अकराला दार उघडलं होतं. आता तो हॉस्पिटलमधून बोलत होता.

"ताई, आज तुम्ही बघितलं नाहीत?"

तिनं वेणी सोडून फोन दोन्ही हातांनी धरला.

"मागच्या सीटवर... बालवर्गातली मुलगी. झोप लागली असणार. काचा बंद होत्या, ताई. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला."

तिकडून फोन बंद झाला. ती तो कानालाच धरून उभी राहिली. लेकीला सगळं ऐकू गेलं होतं. तिनं मान वर केली.

"आई, ती झोपलीच होती ना? मग तिला उठवलं का नाही कुणी?"