आत्याच्या शेअरचा विमा

“एकही विकायचा नाही,” आत्या म्हणाली. “पण भाव पडला तर बुडायचंही नाही. असं काही आहे का तुझ्या पोतडीत?”

भाचा खुर्चीत सावरून बसला. शेअर दलालीत त्याची वीस वर्षं गेली होती, आणि त्यातली दहा तरी आत्याला समजावण्यात. साबणाच्या एकाच कंपनीत तिची जन्माची कमाई अडकलेली. आजवर त्याचं बोलणं तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं. आज तिनेच फोन करून बोलावलं होतं.

“आहे की. विमा घ्यायचा. शेअर तुझ्याकडेच राहतात. तू वर्षाचा हप्ता भरायचास. भाव ठरलेल्या आकड्याखाली गेला, की खालचा सगळा फरक समोरच्याने तुला द्यायचा.”

“समोरचा कोण?”

“असेल कोणीतरी. कंपनी पडणार नाही अशी खात्री असलेला.”

“बिचारा,” आत्या म्हणाली, आणि दोघंही हसली.

दुपार कलली होती. पातळ पडद्यातून आलेलं ऊन फळीवरच्या शेकडो बाटल्यांत उतरून तिथेच पेंगत होतं. आत्या म्हणजे त्या कंपनीचं नाक. चाळीस वर्षांत तिने हुंगून मान डोलावल्याखेरीज एकही साबण बाहेर पडला नव्हता. या खोलीत आलं की भाच्याला लहानपणासारखी गुंगी चढायची. हल्ली बाटल्यांवर मोठ्या अक्षरांतल्या चिठ्ठ्या होत्या. वय झालं, नीट दिसत नसेल, असं त्याला वाटलं.

“हा नवा साबण बघ,” म्हणत तिने कागदाची पट्टी एका बाटलीत बुडवली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. “नदीकाठी धुणं वाळतंय. कोणीतरी आत्ताच तिथून उठून गेलंय. गवत अजून दबलेलं आहे.”

पूर्वी ती एका शब्दात निकाल द्यायची. ‘कडवट.’ ‘चालेल.’ हल्ली अशी स्वप्नं सांगायची. ऐकता ऐकता भाचा त्या ओल्या कपड्यांखालून धावत सुटला. म्हातारपणी माणूस हळवं होतं, तशी कलाही पिकत असेल, असं त्याने ठरवून टाकलं. तिच्यावर त्याचा फार जीव होता.

विम्याला मात्र समोर कोणी उभं राहीना. एवढा मोठा आकडा आणि एवढीशी कंपनी. भाच्याने चार दिवस बाजार पालथा घातला. तसा तो नाकासमोर चालणारा माणूस. पण पाचव्या दिवशी त्याने समोरच्याच्या जागी स्वतःचंच नाव घातलं. आत्याला सांगितलं नाही. तिला कळतं तर तिने कागद फाडून टाकले असते.

“आणि पडला भाव तर?” बायकोने विचारलं.

“तर हे घर जाईल. तारण तेच ठेवलंय. पण पडायला काही कारण नको? आत्याचं नाक शाबूत आहे तोवर कंपनीला मरण नाही. वर लेकीच्या कॉलेजची फी आत्याच्या हप्त्यातून परस्पर सुटते.”

बायकोने भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि ती कामाला लागली.

महिन्याने तो विम्याची पावती द्यायला आत्याकडे निघाला. जिन्यातच करपल्याचा वास आला. दुसऱ्या मजल्यावर तो इतका दाट झाला, की नाकावर रुमाल धरूनच त्याने दार ढकललं. स्वयंपाकघरात दुधाच्या पातेल्याचा कोळसा झाला होता. त्याने गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि आतल्या खोलीचं लोटलेलं दार उघडलं.

आत्या बाटल्यांपुढे स्वस्थ बसली होती. नाकाशी पट्टी, डोळे मिटलेले.

“आत्या, दूध जळून गेलं. जिन्यापर्यंत वास सुटलाय, आणि तुला...”

तिने डोळे उघडले. त्याच्या रुमालाकडे पाहिलं आणि पट्टी खाली ठेवली.

“दार लोटलेलं होतं ना,” ती म्हणाली. ते तिचं तिलाच पटलं नसावं. “दीड वर्ष झालं, बाळा. डॉक्टर म्हणतात, आता परत यायचं नाही. नवा साबण दुकानदार परत पाठवताहेत. उद्या कंपनीत सगळं सांगून टाकणार आहे.”

भाचा दारातच उभा राहिला.

“आधी शेअर विकले असते तर लोकांनी लगेच ओळखलं असतं,” आत्या म्हणाली. तिने त्याचा हात हातात घेतला. “तू विमा काढून दिलास, म्हणून हे घर तरी राहील माझं.”