गुरुवारची वही

सावित्रीबाईंनी वही पुढं केली आणि डावा हात पदराखाली घेतला. पण योगिनीला दिसायचं ते दिसलंच. मनगटावर दातांचा ताजा ठसा होता, मागच्या आठवड्याच्या ठशाला लागूनच.

"पुन्हा?" योगिनीनं विचारलं.

"लय नाय लागलं," सावित्रीबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात त्यांचा धाकटा ललित दोरीला कपड्यांचे चिमटे लावत बसला होता. लाल, निळा, लाल, निळा. अठ्ठावीस वर्षांचा दाढीमिशी आलेला गडी, पण जन्मापासून तोंडातून शब्द नाही. मुंगीच्या वाटेलाही न जाणारा हा पोरगा आईला असा चावतो, हे योगिनीला काही केल्या पटत नव्हतं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? समोर मनगट होतं, मनगटावर दात होते.

योगिनी दर गुरुवारी इंदिरानगरातल्या या तिसऱ्या मजल्यावर येई. ललितसारखी माणसं चावतात, ओरडतात, डोकं आपटतात, त्यामागचं कारण शोधायचं आणि न रागावता, न मारता ते वागणं बदलायचं, हे तिचं काम. पहिल्याच दिवशी तिनं वहीत तीन रकाने आखून दिले होते: आधी काय झालं, काय केलं, नंतर काय झालं.

"ज्याला तोंडानं मागता येत नाही ना मावशी, तो असं मागतो," तिनं समजावलं होतं. "तिसऱ्या रकान्याकडं नीट बघायचं. चावल्यावर त्याला जे मिळतं, तेच त्याला हवं असतं."

तेव्हा ललित कुकरची शिट्टी झाली की स्वतःचाच हात चावायचा. योगिनीनं त्याला गॅलरीचा फोटो दिला. कुकर चढला की फोटो आईपुढं धरायचा आणि गॅलरीत जाऊन बसायचं. दोन महिन्यांत चावणं थांबलं. सलग तीन आठवडे वही कोरी राहिली, तेव्हा योगिनीला आभाळ ठेंगणं झालं.

"अजून एक आठवडा कोरा गेला की आमचं काम संपलं. मग माझी कटकट नाही," ती हसत म्हणाली.

सावित्रीबाईंनी तिच्या ताटात आणखी एक ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढली. नवरा गेल्यावर नामपूरचं घर सुटलं होतं, आणि इथं त्यांच्या दाराची बेल योगिनीशिवाय फारसं कुणी वाजवत नसे. तू येते म्हणून गुरुवार कळतो, असं त्या म्हणायच्या.

चौथ्या आठवड्यात वहीत पुन्हा नोंद आली. या वेळी चावा आईला होता.

मग योगिनीनं जंग जंग पछाडलं. आवाज, उजेड, जेवण, झोप, काही म्हणून तपासायचं ठेवलं नाही. पण तिच्यासमोर एकदाही तसं घडलं नाही. ललित दिवसा कागदी पिशव्या करायला त्याच्यासारख्यांच्या केंद्रात जाई, तिथंही नाही. चावा फक्त घरी, दोघंच असताना.

थोरला शेखर बंगळुरूला. त्याला फोनवर आईचं मनगट दिसलं आणि त्याचा धीर सुटला. या महिन्यात हे थांबलं नाही तर ललितला सटाण्याकडच्या निवासी संस्थेत ठेवू, असं तो म्हणाला. योगिनीचं मत त्यानं लेखी मागितलं. आई आणि लेकाला तोडायचं की नाही, ते आता तिच्या एका कागदावर आलं.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी सावित्रीबाईंनी तिचा हात धरला.

"त्याचं काही चुकत नाय गं पोरी. त्याला नको पाठवू."

"मग चुकतंय कुणाचं, मावशी?"

सावित्रीबाईंनी तिचा हात सोडला आणि पदर मनगटावर ओढून घेतला. कोपऱ्यात चिमट्यांचा टकटक आवाज येत राहिला. मग त्या उठल्या. "भाकरी निवती," म्हणाल्या, "जेवून घे."

आईचं काळीज, दुसरं काय! योगिनीला भरून आलं. घरी जाऊन तिनं कागद लिहिला: आई समोर नसते तिथं ललित शांत असतो, काही काळ वेगळं राहणं दोघांच्या हिताचं. लिहिताना ती रडली, पण लिहिलं.

रविवारी शेखर गाडी घेऊन आला. चिमट्यांची पिशवी ललितनं स्वतःच उचलली. गाडीत बसवताना त्यानं खिशातून गॅलरीचा फोटो काढला आणि आईपुढं धरला. आयुष्यात एवढं एकच त्याला मागता येत होतं. गाडी वळेपर्यंत त्यानं तो काचेला लावून धरला होता.

गुरुवारी सकाळी योगिनीनं संस्थेत फोन केला. ललित जेवतो, झोपतो, चार दिवसांत एकदाही चावला नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. योगिनीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. ही बातमी मावशींना समोर बसून सांगायची आणि काम संपवायचं, असं ठरवून ती जिने चढली.

दार उघडंच होतं. दोरी रिकामी होती. खाली दोन ताटं मांडलेली होती.

"एकदाही चावला नाही, मावशी," तिनं सांगितलं.

"मला ठावं होतं," सावित्रीबाई म्हणाल्या. मग त्यांनी नेहमीसारखी वही पुढं केली आणि डावा हात पदराखाली घेतला.

बिचारीनं सवयीनं आणली असेल, असं योगिनीला वाटलं. शेवटची सही करायला तिनं वही उघडली. नवं पान भरलेलं होतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, तारखा याच आठवड्याच्या. अक्षर सावित्रीबाईंचंच, गिरवल्यासारखं. सगळ्यात खाली आजची ओळ होती.

आधी काय झालं: घरात कुणीच नव्हतं.

काय केलं: डाव्या हाताला चावा.

नंतर काय झालं: योगिनी आली.