उभी बस

"मॅडम, दिसतोय का मी?" ड्रायव्हरने विचारलं आणि समुपदेशक बाईंनी सवयीने मान हलवली. दिसत होतं ते त्याचं अर्धं कपाळ आणि बसचं छत.

आजची ही शेवटची भेट. भेट म्हणायचं आपलं. सकाळपासून बाई झोपायच्या खोलीत कपाटाला पाठ लावून बसल्या होत्या आणि माणसं पडद्यावर येऊन जात होती. कुणी गच्चीवरून, कुणी ऑफिसच्या जिन्यातून, एक मुलगी तर बाथरूममधून, नळ सोडून. आडोसा मिळेल तिथून लोक मन मोकळं करत. इअरफोनने बाईंचे कान ठणकत होते. दाराबाहेर सासऱ्यांचा टीव्ही बोंबलत होता.

ड्रायव्हर डेपोच्या मागच्या अंगाला उभ्या असलेल्या बसमधून बोलायचा.

"आज चावी लावली," तो म्हणाला. "फिरवली नाही."

"लावलीत ना. मागच्या वेळी हातातसुद्धा घेतली नव्हती."

"हो, पण मॅडम, हात..."

तो थांबला. बसच्या दारावर कुणीतरी थापा मारत होतं.

"उघडा! आत आहात, दिसताय मला!"

पडद्यावर खिडकी, सीटची पाठ, पायऱ्या असं काहीबाही हललं. खसकन वायर निघाल्याचा आवाज आला. मग एक बाईमाणूस अगदी जवळून म्हणालं, "कोण आहे ती? बघू दे तिचं तोंड!"

ड्रायव्हरच्या बायकोने फोन हिसकावून घेतला होता. तिला पडद्यावर समोर दिसली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं आलेली, केसांना कसाबसा चिमटा लावलेली, पन्नाशी उलटलेली बाई. क्षणभर ती गांगरली. पण आली होती भांडायला, ते एवढ्यावर थोडंच सुटणार!

"दर आठवड्याला ह्याच वेळी यांचा फोन लागत नाही. शेजारच्या भाऊजींनी बघितलंय, कानात वायर घालून गुलुगुलु बोलत बसलेले असतात. घरी माझ्याशी चार शब्द बोलायचे तर तोंडाला कुलूप! कोण तुम्ही?"

ड्रायव्हर स्वतः सांगत नाही तोवर आपण कोण, हेही सांगायची मुभा बाईंना नव्हती. ही नवराबायको समोर असती तर त्यांनी खुर्ची पुढे केली असती, पाण्याचा ग्लास सरकवला असता. पाणी पिईपर्यंत माणूस निम्मा निवतो. इथे ग्लास बाईंच्या टेबलावर आणि ती दोघं कुठल्या कुठे.

"ताई, आधी बसा," त्या म्हणाल्या. "अख्खी बस रिकामी आहे. हवी ती सीट घ्या."

"मला काय बसायला सांगता?" पण ती बसली असावी. चित्र खाली आलं आणि स्थिरावलं.

"मी कोण ते तेच सांगतील."

"सांगा," बायको नवऱ्याला म्हणाली.

ड्रायव्हर समोरच्या सीटवर टेकल्याचा आवाज आला.

"मी गाडी चालवत नाहीये," ड्रायव्हर म्हणाला. "बसेस धुतो. मीच मागून घेतलं ते काम. पुलावर गाडी चढली की छाती धडधडायची, हात गार पडायचे. वाटायचं, आता सुटतंय स्टेअरिंग. मागे एवढी माणसं बसलेली. ह्या मॅडम त्यावरच्या आहेत. मनाच्या डॉक्टरच म्हण."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"तू गावभर सांगत फिरतेस, आमचे हे घाट डोळे झाकून उतरवतात म्हणून. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

बायकोचा आवाज पार खाली उतरला. "दुसरी कोणी असती तर परवडलं असतं हो. तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या."

तिने फोन सीटवर ठेवून दिला. पडद्यावर नुसतं छत राहिलं, आडवा दांडा आणि त्याला लोंबणारे पट्टे. छताखाली कुणीतरी रडायला लागलं. आवाज ड्रायव्हरचा होता. इतक्या आठवड्यांत तो बाईंसमोर एकदाही रडला नव्हता.

पुढचं ऐकणं बाईंच्या कामात बसत नव्हतं. फोन कापणंही बसत नव्हतं; असं माणसाला मध्येच सोडायचं नसतं. त्यांनी इअरफोन काढून टेबलावर ठेवले. त्यातून दोन आवाज डासांसारखे गुणगुणत राहिले, आधी आळीपाळीने, मग एकमेकांत मिसळून. बाईंनी डोळे मिटले. मान अवघडली होती. मधे केव्हातरी त्यांना डुलकी लागली असेल नसेल.

डोळे उघडले तेव्हा पडदाभर बायकोचा चेहरा होता, नाक लाल, गाल ओले. ती बोटाने पडदा चाचपत काहीतरी विचारत होती. बाईंनी घाईने इअरफोन कानात घातला.

"अहो बाई," ती हळू आवाजात म्हणत होती, "हे बंद कुठून करायचं? आम्हाला बोलायचंय."