घेण्यास नकार

संपाच्या आठव्या महिन्यात लालबागच्या चाळीत एकच ताकीद होती: गिरणीचं रजिस्टर पाकीट आलं तर अंगठा उठवायचा नाही, घेतलं की नोकरी गेलीच. पुतळाबाईने नवऱ्याच्या नावाची तीन पाकिटं परत धाडली होती. सोमवारी चौथं आलं, तेव्हा पोस्टमनने नाव वाचायच्या आतच तिने अंगठा मुठीत लपवून दार लावलं. गुरुवारी दुपारी जेवताना तिचा मुलगा हरेश्वर म्हणाला, "आये, वैमानिकाच्या सगळ्या अटींत बसतो. पदवी आहे, उंची पुरते, लग्न झालेलं नाही. पण या महिन्यानंतर वय बसणार नाही. हवाई दलाचं बोलावणं रजिस्टरने येईल, लक्ष ठेव." तिच्या हातातली पळी डाळीतच राहिली. ती अनवाणीच पोस्टात धावली आणि सोमवारचं पाकीट मागितलं. "कालच परत गेलं, मावशी," खिडकीतला कारकून म्हणाला. तिने खिडकीतल्या शाईच्या गादीवर दोन्ही अंगठे दाबले आणि गजांतून आत सरकवले. "घ्या साहेब, दोन्ही घ्या!"