गळ्यातली उंबरं

शिमगा होऊन दोनच दिवस झाले होते. महाडचे आबाजी वकील नेहमीसारखे सकाळीच पोलादपूरच्या रानात पक्षी बघायला निघाले. सोबत मुरारी होता, मुंबईच्या गिरणीतून सणाला गावी आलेला, बिबट्याच्या भीतीने ठासणीची बंदूक खांद्याला अडकवून. एका उंच झाडाकडे मोठ्या चोचीचा धनेश येताना दिसला आणि आबाजींनी दुर्बीण डोळ्यांना लावली. तेवढ्यात कानाशी बार झाला.

मुरारीने पडलेला पक्षी पाय धरून उचलला, तशी त्याच्या गळ्यातून पिकलेली उंबरं टपाटपा गवतात सांडली.

“अरे, काय केलंस हे!”

“रागावू नका, वकीलसायब. घरात माज्या रखमाचे दिवस भरलेत. आई म्हनते, धनेशाचं तेल चोळलं का बाई लगेच मोकळी होते.”

आबाजींनी दुर्बीण मुरारीच्या हातात दिली आणि झाडाकडे बोट केलं. वरच्या ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं. मधल्या फटीतून एक चोच बाहेर आली होती, उघडी.

“ही कोन?”

“त्याची बायको. पिल्लं मोठी होईपर्यंत स्वतःला आत कोंडून घेते. तो आणून भरवतो, तेवढंच खाते.”

मुरारीच्या हातातून पक्षी गळून पडला. तो खाली बसला आणि गवतातली उंबरं भराभरा धोतराच्या सोग्यात गोळा करू लागला.

झाड सरळसोट होतं. ढोलीपर्यंत एकही फांदी नव्हती.