लाल गोंड्याची किल्ली

घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर नवऱ्याने गाडी थांबवली, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सकाळपासून दोनदा समोरचा ट्रक अंगावर येईपर्यंत त्याला दिसला नव्हता. “अहो, डोळे दाखवून घ्या,” म्हटलं की एकच उत्तर, “चाळीस वर्षं बस चालवलीय. मला शिकवू नकोस.” चहा आला. कपात माशी पडली होती. एरवी माशीवरून टपरी डोक्यावर घेणारा हा माणूस कप तोंडाला लावायला निघाला. तिने तो काढून घेतला. “माशी आहे त्यात.” तो कसनुसं हसला, दुसरा चहा प्यायला आणि उठून खिसे चाचपू लागला. “चल. पुढे अठरा वळणं आहेत. किल्ली कुठे गेली?” लाल गोंड्याची किल्ली त्याच्यासमोर टेबलावरच होती. तिने मुठीत लपवली. “हरवली वाटतं. बसने जाऊ.” तो खाली बसला. मग हळूच म्हणाला, “बरं झालं.”